दिव्यातले तेल : पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या प्रकाशात

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ख्रिस्ती स्त्रीची स्वतःची जबाबदारी आणि तिची आत्मिक सिद्धता या विषयावर काही लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. प्रवचन करणे हे पाळकसाहेबांचे काम. ते मी अंगावर घेणार नाही. मला इतिहास वाचण्याची हौस आहे, म्हणून या विषयाकडे मी इतिहासाच्या वाटेनेच जाणार आहे आणि ती वाट पुणे जिल्ह्यातल्या केडगावावरून जाते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातला दहा कुमारिकांचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पाच शहाण्या, पाच मूर्ख. वराला यायला उशीर झाला. मूर्खांचे दिवे विझू लागले. त्यांनी तेल मागितले आणि शहाण्यांनी ते दिले नाही. आपल्या शास्त्राभ्यासाच्या बैठकीत हा दाखला निघाला की कोणीतरी भगिनी हटकून विचारते, यात शहाणपण कसले? आपण शेजारणीला वाटीभर साखर देतो, पीठ देतो, अडीनडीला चार रुपये देतो. मग थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा पंडिता रमाबाईंच्या चरित्रात अधिक स्पष्ट सापडले. दिव्यातले तेल ही उसनी देण्याघेण्याची वस्तूच नव्हे, हे त्या बाईने आयुष्यभर स्वतःच्या जिवावर अनुभवले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान; बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, पुढे या धाकट्या मुलीला भागवत शिकविले. घर असे नव्हतेच. तीर्थामागून तीर्थ, देवळामागून देऊळ, पुराण सांगावे, मिळेल ते घ्यावे आणि हाती आलेले दानधर्मात संपवावे, असा या कुटुंबाचा क्रम होता. दुष्काळ पडला तेव्हा पुण्य पुष्कळ साठले होते, पण धान्य नव्हते. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की हलकी कामे करावयाची लाज वाटे, भीक मागणे मानी मनाला सोसत नसे आणि पोट भरण्याचा कोणताही हुन्नर तर कोणी शिकविलेलाच नव्हता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे केडगावात जे उभे राहिले त्याचा पाया या उपासमारीत आहे.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगते. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे मान दिले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह झाला, १८८१ साली मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती, एवढाच तोवरचा ख्रिस्ताशी परिचय. मग त्या पुण्यास आल्या आणि १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची!

१८८३ साली रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. बेत वैद्यकी शिकण्याचा होता. पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. तेथल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथे, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले घर दाखविले. अशा स्त्रियांना कोणी प्रेमाने उचलून घेते, हे त्यांनी जन्मात प्रथमच पाहिले. असे का करता, असे विचारल्यावर भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने वॉन्टेज येथे आत्मघात केला. तेव्हा बाप्तिस्म्याचे ते दिवस आनंदीआनंदाचे होते असे कोणी समजू नये.

यापुढचा भाग आपल्या चर्चमधल्या व्याख्यानांतून सहसा सांगितला जात नाही. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. मठातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मनोरमेच्या नात्याने रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना आजी आणि नातीची आई यांचा घरातला वादच ऐकतो आहोत असे वाटते. प्रेम आहे, रुसवा आहे, पण माघार नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चचे सगळे मत जसेच्या तसे स्वीकारावे, असे आजीबाईंचे म्हणणे. रमाबाईंचे म्हणणे असे की जे शास्त्रात मला दिसत नाही ते केवळ वडीलधारे सांगतात म्हणून मी कबूल केले, तर ती श्रद्धा माझी होणार नाही. त्रैक्याच्या मताविषयी त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडविली, ती दुसऱ्याच्या जोखडात देण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या पत्रांचा आशय आहे. आजीबाईंना हा अहंकार वाटला.

लहानसहान गोष्टींवरूनही खटके उडत. रमाबाई मांस खात नसत, अंडे घातलेला गोड पदार्थही घेत नसत. भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे ठरत होते, तेव्हा रमाबाईंनी विचारले की लॅटिन का, संस्कृत का नको? दोन्ही भाषा माझ्या मातृभाषा नव्हेत. मग त्यांतली एक पवित्र आणि दुसरी अपवित्र कशावरून? बिशपसाहेबांनी, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे कळविले, तेव्हाही त्यांनी आपले मत स्पष्ट लिहून कळविले. सांगणारे वडीलधारे, मदत देणारे, परक्या देशात आसरा देणारे. आणि ऐकणारी पंचविशीतली, लहान मूल पदरात असलेली विधवा. अशा स्थितीत पुष्कळजणींनी ‘बरे, तुम्ही म्हणाल तसे’ म्हटले असते. त्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. पण ते तेल दुसऱ्याच्या बुधल्यातले.

याला दुसरी बाजू आहे, आणि तीही रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. १८८९ साली त्या परत आल्या, शाळा उघडली, नाव झाले. अशा वेळी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ उपदेशक होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर स्वतः ख्रिस्ताकडे वळला होता. ते वाचून रमाबाईंना कळून आले की आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला अद्याप गाठले नाही. आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेला, त्यासाठी सारा महाराष्ट्र विरोधात गेलेला, आणि तरी बाई म्हणतात की माझा दिवा रिकामा होता! हे लिहायला धैर्य लागते. दुसऱ्याचे तेल नाकारले म्हणजे आपल्या दिव्यात आपोआप तेल भरते असे नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःपासून लपविली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० साली सदन पुण्यास आले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, आणि अट अशी की कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही. रमाबाईंनी ती पाळली; मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. पण त्या स्वतः रोज मनोरमेला घेऊन प्रार्थनेस बसत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून गहजब झाला. ‘केसरी’ने झोड उठविली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुली घरच्यांनी काढून नेल्या.

रानडे-भांडारकरांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या शब्दावर विश्वासून लोकांनी आपल्या लेकी पाठविल्या, त्यांची अडचण खरी होती. आणि बाईंच्या प्रार्थनेची ओढ मुलींना लागत होती, हेही खरेच होते. तडजोड सोपी होती : दार लावून घ्यावे. रमाबाईंनी ती केली नाही. त्यांचा विचार मला असा दिसतो की मुलीला आत ओढण्याचा अधिकार मला नाही, तसा आलेल्या मुलीला बाहेर ठेवण्याचाही नाही. पाऊल तिचे तिने उचलायचे आहे. गोदूबाई सदनात वाढल्या, बाईंवर त्यांचा जीव होता, पण त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि त्यामुळे बाईंच्या मायेत अंतर पडले नाही. दुसऱ्या काही मुली मात्र पुढे ख्रिस्ती झाल्या. दार एकच आणि उघडे. आत येणाऱ्या निराळ्या.

येथे ओघाने लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतीबरोबर पत्नी जायचीच, असा त्या काळचा हिशेब. लक्ष्मीबाईंनी तो मानला नाही. काही वर्षे दूर राहिल्या, मग पतीच्या घरी परत आल्या तरी आपले सोवळेओवळे घेऊन आल्या. आणि मनातली अढी एकेक करून सुटली तेव्हा, १९०० साली, स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्यास गेल्या. ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी हसत हसत सांगितला आहे, म्हणून त्यातली तोलामोलाची गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. टिळकांसारख्या भक्तकवीच्या भक्तीचा वाटासुद्धा त्यांना आयता मिळाला नाही.

आता सिद्धतेविषयी. आत्मिक सिद्धता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मिटलेले डोळे आणि जोडलेले हात येतात. रमाबाईंच्या बाबतीत विहिरी, बागा आणि धान्याचे हिशेब आधी पाहावे लागतात. अमेरिकेतल्या असोसिएशनचे वचन फक्त दहा वर्षांचे होते. ते संपण्याची वाट न पाहता बाईंनी केडगावी रेल्वेस्थानकाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लावली, की उद्या परदेशची मदत थांबली तरी सदन आपल्या उत्पन्नावर जगावे. एवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक मरू लागल्याच्या बातम्या आल्या आणि बाईंच्या डोळ्यांपुढे आई-वडील व बहीण उभी राहिली. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढी नवी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावचे माळरान तयार होते! फळबागेसाठी घेतलेल्या जागेत तंबू आणि झोपड्या पडल्या, आणि १८९८ साली तेथे ‘मुक्ती’ रीतसर उभी राहिली. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दुष्काळ येणार, प्लेग येणार हे बाईंना ठाऊक नव्हते. वर कोणत्या घटकेला येईल हे त्या दाखल्यातल्या शहाण्या मुलींना तरी कुठे ठाऊक होते? ठाऊक नसते म्हणूनच बुधला बरोबर घ्यावा लागतो.

मुक्तीत आलेल्या प्रत्येक मुलीला अक्षरओळखीबरोबर काही ना काही काम शिकविले जाई : विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना. आंधळ्या स्त्रियांसाठी मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि त्यांना वाचावयास शिकविले. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी निराळे कृपासदन होते. त्यामागे फुलमची आठवण आहेच. ज्या मुलीच्या आई-बापांना विद्वत्ता असूनही पोट भरण्याचे साधन नव्हते, तिने दोन हजार जणींच्या हातांत साधन दिले. भक्ती आणि हुन्नर यांची ताटातूट तिने होऊ दिली नाही.

मग १९०५ साल. मुक्तीतल्या त्या साली झालेल्या आत्मिक जागृतीविषयी आपण ऐकलेले असते ते बहुधा २९ जूनच्या पहाटेचे : एका मुलीभोवती ज्वाला दिसल्या, दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, आणि जवळ येऊन पाहते तो आग नाहीच. कथा मोठी आहे, तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण इतिहास लिहिताना मला त्या पहाटेपेक्षा तिच्या आधीचे महिने अधिक सांगावेसे वाटतात. १९०३ साली बाईंनी मनोरमा आणि मिस मिनी एब्रॅम्स यांना ऑस्ट्रेलियास पाठवून तेथली प्रार्थनेची चळवळ पाहून येण्यास सांगितले होते. वेल्समधल्या जागृतीच्या वार्ता आल्या. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी मुलींना विचारले, रोज एकत्र जमून प्रार्थना करण्यास कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. शेकड्यांनी मुली असलेल्या वस्तीत सत्तर! बाईंनी सक्ती केली नाही, हजेरी घेतली नाही. पाच-सहा महिन्यांत सत्तरांच्या पाचशेहून अधिक झाल्या, आणि मग ती पहाट उगवली.

मुली रडत, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करीत, आपली पापे कबूल करीत; आणि ती शेजारणीची नव्हेत, आपली. वृत्तपत्रांतून आणि काही मिशनरी मंडळींकडूनही टीका झाली की हा गोंगाट आहे, यात शिस्त नाही. ज्या बाईंनी वीस वर्षांपूर्वी लॅटिनऐवजी संस्कृत का नको असे विचारले होते, त्यांनी आता उत्तर दिले की या हिंदी मुली आहेत, त्यांना त्यांच्या पद्धतीने देवापुढे उभे राहू द्या. बाईंचा स्वतःचा स्वभाव अबोल, विद्वान, शिस्तीचा. तो कोलाहल त्यांना सहज मानवला असेल असे मला वाटत नाही. पण दुसऱ्याचा दिवा आपल्या पद्धतीनेच जळावा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. त्या जागृतीनंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जाऊ लागल्या. मिनी एब्रॅम्सबाईंनी लिहिलेले वृत्त चिली देशातल्या वालपारायसो शहरापर्यंत पोचले, आणि १९०९ साली तेथे झालेल्या जागृतीच्या इतिहासात केडगावचे नाव आजही घेतले जाते.

शेवटची सतरा-अठरा वर्षे बाईंनी एका कामाला वाहिली : मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. हेतू असा की खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे. शास्त्र तिच्या हाती, तर जबाबदारीही तिच्या हाती. हे भाषांतर आपल्या मंडळ्यांत फारसे रुजले नाही. हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळल्यामुळे भाषा काही ठिकाणी कोरडी झाली, असे मला वाटते. टिळकांनी नेमके उलट केले; अभंग-कीर्तनाचा बाज ख्रिस्ताच्या चरणी वाहिला, आणि त्यांची गीते आपण आजही गातो. एवढी संस्कृत जाणणारी बाई, आणि तिनेच संस्कृतीतले शब्द वेचून बाहेर काढावेत, याची मला राहून राहून हळहळ वाटते. पण सिल्चरच्या घरात अवचित एक शुभवर्तमान हाती लागल्याने जिचे आयुष्य पालटले, तिला दुसऱ्या कोणा बाईच्या हाती ते पडावे असे वाटणे स्वाभाविक होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. वय चाळीस. जिच्या हाती सर्व सोपवायचे, तीच आधी गेली. त्रेसष्ट वर्षांची, बहिरी झालेली आई पुन्हा मुद्रितांपुढे बसली. चरित्रकार सांगतात की दुखणे वाढले तेव्हा उरलेली मुद्रिते तपासण्यापुरते दिवस तिने देवाजवळ मागून घेतले आणि ते काम हातावेगळे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी ती प्रभूकडे गेली. संपूर्ण शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविणाऱ्या आणि कागद छापणाऱ्या मुक्तीतल्याच मुली-बायका होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख तिथेच झाली होती.